विश्लेषण : डिझेल एसयूव्हीला ‘ट्यूनिंग बॉक्स’ बसवताय? वाढीव पिकअपचा हिशेब आधी समजून घ्या

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावहून डिझेल एसयूव्ही घेऊन बाहेर पडणाऱ्याला हा प्रसंग नवा नाही. रस्ता दोन पदरी, पुढे सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेली ट्रॉली, समोरचा ट्रक अजून लांब. गाडीत सात माणसे, मागे सामान आणि एसी सुरू. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर रेंगाळते, मग उचलते. तेवढ्यात समोरचा ट्रक जवळ आलेला असतो आणि ओव्हरटेक सोडून द्यावा लागतो. ‘पिकअप थोडा जास्त हवा होता’ हा विचार तिथेच मनात येतो.

नेमकी हीच गरज हेरून मोबाइलवर जाहिराती येतात. ‘पंधरा मिनिटांत बसवा, २० ते २५ टक्के ताकद वाढवा, ॲव्हरेजही वाढेल, कोणाला कळणारही नाही.’ वस्तू म्हणजे हाताच्या पंजाएवढा एक डबा आणि त्याला जोडलेली वायर. त्याला ‘ट्यूनिंग बॉक्स’ किंवा ‘परफॉर्मन्स ट्यूनर’ म्हणतात. तो खरोखर काम करतो का, गाडीवर काय परिणाम होतो, कायदा काय म्हणतो आणि निवड व फिटिंग कशी होते, याचा हा आढावा.

ट्यूनिंग बॉक्स म्हणजे नेमके काय?

आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ‘कॉमन रेल’ इंजिन असते. प्रवासी मोटारीत हे तंत्र १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून आले. यात पंप डिझेलला प्रचंड दाब देऊन एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो. तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. हे इंजेक्टर महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉशच्या कारखान्यात ते बनतात.

रेलमधला दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज यावा. हा दाब मोजण्यासाठी रेलच्या टोकाला एक सेन्सर असतो. तो दाबाप्रमाणे कमी-जास्त व्होल्टेज इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला पाठवतो. ईसीयू त्यावरून पंपाला आणि इंजेक्टरला हुकूम देतो.

ट्यूनिंग बॉक्स या दोघांच्या मध्ये बसतो आणि निरोप बदलतो. समजा, रेलमध्ये खरा दाब १५०० बार आहे. बॉक्स ईसीयूला सांगतो, ‘१३५० आहे.’ ईसीयूला दाब कमी वाटतो, तो पंपाकडून आणखी दाब मागवतो. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ तोच, पण दाब जास्त. म्हणून त्याच वेळात जास्त डिझेल आत जाते. ताकद वाढते ती यामुळे. महागडे बॉक्स टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरलाही जोडले जातात, म्हणजे डिझेलबरोबर हवाही वाढवता येते.

वाढीव ताकद येते कुठून?

बॉक्स ताकद निर्माण करत नाही. कंपनीने इंजिनात जी सवलत राखून ठेवलेली असते, त्यातून तो उसनवारी करतो. ही सवलत कंपनीने उगाच ठेवलेली नसते. मे महिन्यातले ४२-४३ अंश तापमान, भेसळीचे डिझेल, धुळीने भरलेला एअर फिल्टर, ओव्हरलोड, घाट आणि लांबलेली सर्व्हिसिंग हे सगळे गृहीत धरून इंजिन वर्षानुवर्षे टिकावे, यासाठी ती असते.

महिंद्रा स्कॉर्पिओ-एनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २.२ लिटर डिझेल इंजिन खालच्या मॉडेलमध्ये १३२ पीएस, तर वरच्या मॉडेलमध्ये १७५ पीएस ताकद देते. म्हणजे ताकद वाढवता येते, हे खरे. पण त्याच १७५ पीएसच्या गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्सला ३७० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन मीटर टॉर्क दिला आहे. गिअरबॉक्सप्रमाणे टॉर्कची मर्यादा बदलते. आता मॅन्युअल गाडीला २० टक्के वाढ देणारा बॉक्स लावला तर आकडा ४४४ वर जातो. कंपनीने ऑटोमॅटिकलाही जेवढा दिला नाही, तेवढा भार मॅन्युअलच्या क्लच प्लेटवर येतो.

उसने घेतलेले परत करावे लागते. ते पुढील ठिकाणी वसूल होते.

क्लच : टॉर्क वाढला की सर्वात आधी क्लच घसरू लागतो. आरपीएम वाढतो, गाडी मात्र तेवढी ओढत नाही. भर गाडीला हे लवकर जाणवते.

टर्बो आणि एक्झॉस्ट : जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. उन्हाळ्यात ही अडचण दुहेरी होते. १५ अंशांच्या तुलनेत ४३ अंशांना हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. डिझेल वाढले पण त्या प्रमाणात हवा वाढली नाही, की काळा धूर आणि वाढलेले तापमान असा परिणाम दिसतो. थंड हवामानात घेतलेल्या चाचणीचे आकडे मराठवाड्याच्या मे महिन्यात तसेच्या तसे मिळत नाहीत.

इंजेक्टर आणि पंप : ठरल्यापेक्षा जास्त दाबावर सतत काम केल्याने झीज वाढते. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा असेल तर आणखी. ड्रममध्ये साठवलेले डिझेल गाडीत ओतण्याची सवय असेल, तर हा धोका आधीच वाढलेला असतो.

डीपीएफ : १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो. घर-शेत-बाजार अशा लहान फेऱ्यांत ते पूर्ण होत नाही. त्यात बॉक्समुळे काजळी वाढली, की फिल्टर लवकर तुंबतो.

बाजारात कोणकोणते प्रकार मिळतात?

‘ट्यूनर’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि इथेच ग्राहक फसतो.

पहिला प्रकार ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या स्वस्त चिपचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावली की ती ‘गाडी शिकते आणि ताकद वाढवते’ असा दावा असतो. अशा काही चिप तंत्रज्ञांनी उघडून पाहिल्या, तेव्हा आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही सापडले नाही. काहीशे रुपयांत इंजिनची ताकद मिळत नाही.

दुसरा प्रकार पेडल बॉक्स. तो ॲक्सिलरेटरच्या वायरला जोडतात. अर्धा पेडल दाबला तरी तो ईसीयूला ‘पाऊण दाबला’ असे सांगतो. गाडी चटकन उसळते, पण इंजिनची कमाल ताकद काडीचीही वाढत नाही. इंजिनवरचा धोकाही त्यामुळे कमी असतो.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याची चर्चा सुरू आहे तो ट्यूनिंग बॉक्स. बंगळूरुच्या रेस डायनॅमिक्सचा ‘डिझेलट्रॉनिक’ हा भारतातील परिचित बॉक्स. जर्मनीच्या रेसचिप आणि डीटीई या कंपन्याही असे बॉक्स बनवतात.

चौथा प्रकार रिमॅप. यात बाहेरचा डबा नसतो, तर ईसीयूमधले सॉफ्टवेअरच बदलले जाते. काम नीट झाले तर नियंत्रण अधिक अचूक राहते. मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाले की रिमॅप पुसला जाऊ शकतो, आणि चुकीचा रिमॅप इंजिनला महागात पडतो.

मेकॅनिकल पंप असलेल्या जुन्या डीआय इंजिनाच्या गाडीला बॉक्स लागतच नाही. तिथे रेलही नसते आणि तिचा सेन्सरही. अशा गाडीसाठी कोणी बॉक्स विकत असेल तर तिथूनच परत फिरावे.

ॲव्हरेज खरेच वाढते का?

बॉक्स लावल्यावर डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज अनेकदा वाढलेले दिसते. कारण सोपे आहे. किती डिझेल खर्च झाले, याचा अंदाज ईसीयू रेलच्या दाबावरून बांधतो आणि त्याला दाब कमीच सांगितला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी डिझेल मोजले जाते आणि स्क्रीनवर आकडा फुगतो.

खरे ॲव्हरेज पंपावरच कळते. टाकी फुल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, किमान ४००-५०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा फुल करावी. बॉक्सआधी आणि बॉक्सनंतर असे दोन-तीनदा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शांतपणे वरच्या गिअरमध्ये चालवणाऱ्याला थोडा फायदा होऊ शकतो. पण ताकदीसाठी बॉक्स घेतलेला माणूस ती ताकद वापरतोच, आणि मग डिझेलही जास्त लागते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच बाब अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ (४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाची मर्यादा ओलांडल्यास कलम १९० (२) वेगळे लागू होते. त्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सीएनजी किटशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. मान्यताप्राप्त किटला चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असते, ते अधिकृत केंद्रात बसवले जाते आणि आरसीवर त्याची नोंद होते. म्हणून ट्यूनिंग बॉक्स विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : माझ्या गाडीच्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयचे किंवा अन्य अधिकृत चाचणी संस्थेचे मान्यतापत्र आहे का? ‘परदेशात प्रमाणित आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. मान्यतापत्र नसेल, तर बसवण्याआधी हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी. सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी चालवण्याची जबाबदारी विक्रेत्याची नाही, मालकाची असते.

‘पीयूसी पास होते, मग काय अडचण?’ असा युक्तिवाद ऐकू येतो. पण डिझेल गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर, लोड नसताना, ॲक्सिलरेटर दाबून होते. बॉक्सचा परिणाम दिसतो तो भर गाडी चढाला लागल्यावर. म्हणून पीयूसी पास होणे म्हणजे गाडी मूळ मर्यादेत आहे, असे नाही.

काही ठिकाणी बॉक्ससोबत डीपीएफ किंवा ईजीआर ‘काढून देतो’ अशीही ऑफर असते. ती सरळ नाकारावी. हा प्रकार किती पसरतो, हे अमेरिकेत दिसले. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार, सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली होती. त्या धुराचा त्रास गाडीमालकापुरता राहत नाही. तो रस्त्याकडेच्या शाळेपर्यंत आणि घरापर्यंत पोहोचतो.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

‘सर्व्हिसिंगआधी काढून ठेवा, कोणाला कळणार नाही’ हे अर्धसत्य आहे. डबा काढला तरी ईसीयूच्या स्मृतीत खुणा राहू शकतात. रेलचा दाब अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त झाल्याचे पी ००८७, पी ००८८ असे कोड नोंदले जातात. इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच गेला आणि कंपनीला बदल झाल्याचे आढळले, तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी असलेल्या गाडीला बॉक्स लावणे म्हणजे हजारो रुपयांच्या वस्तूसाठी लाखाच्या संरक्षणावर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे.

विम्याचेही तसेच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवणे अपेक्षित असते. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. बॉक्स घेण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

खरेदीआधी गाडीत काय तपासावे?

‘गाडीचा पिकअप कमी झाला’ म्हणून अनेक जण बॉक्सकडे वळतात. पण नवी असताना पिकअप होता आणि आता नाही, याचा अर्थ गाडीत दोष आहे. तो शोधण्याचा खर्च बॉक्सपेक्षा बराच कमी असतो.

• एअर फिल्टर : मळणीच्या हंगामात आणि कच्च्या रस्त्याच्या धुळीत तो वेळेआधीच चोक होतो.
• डिझेल फिल्टर : पाणी साचले आहे का, बदलण्याची वेळ उलटली आहे का?
• टर्बो आणि इंटरकूलरच्या होज : क्लिप ढिली किंवा पाइप चिरलेला असेल तर हवा गळते आणि गाडी ओढत नाही.
• क्लच : वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम एकदम उसळला, तर क्लच घसरतो आहे.
• ईजीआर आणि डीपीएफ : काजळी साचली आहे का, हे स्कॅनर लावून पाहावे.
• ब्रेक आणि टायर : पिकअप वाढण्याआधी थांबण्याची खात्री हवी.

गाडी चालवण्याची सवयही तपासण्यासारखी आहे. स्कॉर्पिओ क्लासिकचे उदाहरण घेतले, तर तिचा पूर्ण ३०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २८०० आरपीएमच्या दरम्यान मिळतो. पाचव्या गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर दाबला, तर टर्बो जागा व्हायला वेळ घेणारच. ओव्हरटेकआधी एक गिअर खाली घेतला, की ती ताकद फुकट मिळते. गाडीत ड्राइव्ह मोड असतील तर तेही आधी वापरून पाहावेत.

बॉक्स निवडताना कोणते प्रश्न विचारावेत?

वरच्या सगळ्या बाबी समजून, मान्यतेचा प्रश्न सोडवून कोणी पुढे जाणारच असेल, तर विक्रेत्याकडून ही उत्तरे घ्यावीत.

१. बॉक्स नेमक्या इंजिनसाठी, नेमक्या वर्षासाठी आणि बीएस-४ की बीएस-६ साठी बनवला आहे? ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ हे उत्तर धोक्याचे.
२. कोणकोणत्या सेन्सरला जोडला जातो? फक्त रेलला, की हवेच्या दाबालाही?
३. दावा केलेली वाढ डायनोवर मोजली आहे का? आधीचा आणि नंतरचा आलेख दाखवता येईल का?
४. ताकदीच्या किती पायऱ्या आहेत? सर्वात खालची पायरी किती?
५. बॉक्स बिघडला तर गाडी मूळ स्थितीत चालते का? बायपास प्लग सोबत मिळतो का?
६. पाणी, धूळ आणि बोनेटखालची उष्णता सहन करण्याइतका तो बंदिस्त आहे का?
७. पक्के बिल, वॉरंटी आणि जवळपास सेवा मिळते का? बिघाड झाला तर कुरिअरने पाठवावा लागेल का?

बॉक्स बसवतात कसा?

यात वायर कापावी लागत नाही. कोणी वायर कापून जोड मारू लागला, तर तिथेच थांबवावे.

प्रथम सपाट जागेवर गाडी बंद करून चावी काढावी आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ, साधारण १५ ते २० मिनिटे, थांबावे. तोवर ईसीयू पूर्ण बंद होतो आणि इंजिनही थोडे निवते. बोनेट उघडून इंजिनवरचे प्लास्टिक कव्हर काढावे. रेलच्या टोकाचा, सहसा तीन वायरींचा दाब सेन्सर ओळखावा. शेजारचा दोन वायरींचा व्हॉल्व्ह म्हणजे तो नव्हे.

सॉकेटचे लॉक दाबून प्लग सरळ ओढावा. वायरला धरून ओढू नये. बॉक्सच्या हार्नेसची एक बाजू सेन्सरला आणि दुसरी मूळ प्लगला ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. हवेच्या दाबाचा सेन्सर जोडायचा असेल तर तिथेही तसेच. बॉक्स टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, पाणी उडणार नाही अशा जागी केबल टायने घट्ट बांधावा. वायर फॅन किंवा बेल्टच्या जवळून जाऊ देऊ नये.

एक नियम कधीच मोडायचा नाही. डिझेलच्या कोणत्याही पाइपच्या नटाला पाना लावायचा नाही. या दाबाची बारीक धारही कातडी फोडून आत जाते. फिटिंगमध्ये फक्त सॉकेटला हात लागतो.

सुरुवात सर्वात खालच्या पायरीने करावी. गाडी सुरू करून पाच मिनिटे जागेवर चालू ठेवावी. चेक इंजिन लाइट लागली, इंजिन थरथरले किंवा काळा धूर आला, तर बंद करून बॉक्स काढावा. सर्व ठीक असेल तर पहिले काही दिवस रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावे. जोरात पळवल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे जागेवर चालू ठेवावी, म्हणजे टर्बो थंड होतो. ऑइल आणि फिल्टर वेळेआधी बदलावेत.

मग बसवावा की नाही?

हिशेब मांडून पाहू. ८० वरून १०० च्या वेगाला पाच सेकंद लागत असतील, तर २० टक्के वाढीव ताकदीने ते काम साधारण चार सेकंदांत होईल. एक सेकंद वाचला. त्या वेगाला एका सेकंदात गाडी सुमारे २५ मीटर जाते. ओव्हरटेक करताना २५ मीटर कमी नव्हेत. पण दुसरी बाजूही मोजावी लागते. ८० ऐवजी १०० च्या वेगात गाडी असेल, तर थांबवताना ब्रेकला दीडपटीहून अधिक, म्हणजे ५६ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. ब्रेक आणि टायर मात्र तेच राहतात. वाचलेला सेकंद अधिक धोकादायक ओव्हरटेक करण्यात खर्च झाला, तर बॉक्सने काहीच दिले नाही.

गाडी वॉरंटीत असेल, बीएस-६ असून लहान फेऱ्यांवर चालत असेल, भाड्याने जात असेल किंवा मॉडेलसाठी मान्यतापत्र मिळत नसेल, तर बॉक्स टाळणेच शहाणपणाचे. जुनी गाडी पिकअप गमावून बसली असेल, तर आधी फिल्टर, होज आणि क्लच. केवळ पेडल सुस्त वाटत असेल, तर गिअर खाली घेण्याची सवय पुरेशी ठरते.

जाहिरात पंधरा मिनिटांच्या फिटिंगबद्दल बोलते. उसन्या ताकदीची परतफेड होते ती पुढच्या दोन-तीन वर्षांत, क्लचच्या, टर्बोच्या किंवा दंडाच्या बिलातून. ते बिल कोण आणि कधी भरणार, हे ठरल्याशिवाय बोनेट उघडू नये.